बाईचा झोला

झोला शिवून घ्यायला आलेल्या माणसाला भोयरकाकू आधी माप विचारत नसत. पायमशीनवरून मान वर करून त्या म्हणत, "डबा कोन भरते?"

नवखा माणूस गोंधळायचा. बाईने भलतंच काहीतरी विचारलं असं त्याला वाटायचं. मग तो सांगायचा, बायको भरते, आई भरते, सून भरते. काकूंच्या लेखी प्रत्येक उत्तराचा झोला वेगळा. आई भरत असेल तर म्हातारीच्या बोटांना चेन ओढणं जड जातं, म्हणून मोठं बटण. सून भरत असेल तर, "तिले सकाळी दहा कामं असतेत. तोंड मोठं पायजे, डबा फेकला तरी आत गेला पायजे." एखाद्या एकट्या राहणाऱ्या पोराने "मीच भरतो" म्हटलं, की त्याच्याकडे जरा वेळ बघून त्या आत एक छोटा कप्पा जास्तीचा शिवायच्या. तो कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

"चिवडा-गिवडा ठेवाले. एकटा मानूस पोटभर डबा भरत नाई वो."

भोयरकाका भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला होते. माझे बाबा तिथेच क्लार्क. दोघांची क्वार्टर्स एकाच ओळीत, मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. काकू भंडाऱ्याकडच्या खेड्यातल्या. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा त्यांना हिंदीचा एक शब्द येत नव्हता. काकांच्या सायकलवर लटकवलेल्या बाजारच्या थैलीतून एकदा वरण सांडलं आणि सगळी पॅंट खराब झाली. ते बघून त्यांनी जाड कॅनव्हासचा पहिला झोला शिवला. खाकी दोरा मध्येच संपला, तेव्हा गोधडीचा लाल दोरा लावून काठाची टीप पुरी केली. काकांच्या सोबतच्या माणसांनी तो बघितला, आणि मग पुढे सगळ्या झोल्यांना लाल टीपच पडत गेली.

झोल्यासाठी गिऱ्हाइकाने घरातलं एक जुनं कापड आणायचं, हाही त्यांचा नियम. बुडाला आतून ते दुहेरी शिवायचं, म्हणजे गरम डब्याने कॅनव्हास लवकर विरत नाही. मी म्हटलं, नवं कापड का नाही लावत? तर म्हणाल्या, "नव्या कापडाले घराची सवय नसते." त्यामुळे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या त्या झोल्यांत आत डोकावलं, तर कुठे मुलीचा फ्रॉक असायचा, कुठे वडिलांच्या धोतराचा काठ. कारखान्याच्या गेटबाहेर सायकलींच्या रांगेत दर चौथ्या हॅंडलला लाल टीप दिसायची. हिंदीवाले, छत्तीसगढी, तेलुगू, सगळे एकच नाव घ्यायचे: बाई का झोला. पाटी नव्हती, कार्ड नव्हतं. काकूंना आडनावाने ओळखणारी माणसं आमच्या ओळीबाहेर फारशी नसतील.

मी नागपूरला शिकून परत आले आणि घरूनच जाऊन-येऊन रायपूरला एका छोट्या जाहिरात कंपनीत लागले. मसाले, अगरबत्त्या, पापड करणाऱ्या लहान लहान धंद्यांना नावं द्यायची, त्यांची वेष्टणं आखायची, हे आमचं काम. चार वर्षं ते केल्यावर मला वाटू लागलं, आपल्याला यातलं सगळं कळतं. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागणार. तोवर काकूंचा धंदा नीट उभा राहिला पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं. हे मी प्रेमाने ठरवलं होतं. हे आज लिहायला सोपं जातं, म्हणून जास्तच टोचतं.

"काकू, तुमच्या झोल्याला नाव पाहिजे," मी म्हटलं.

"हाय ना नाव. बाईचा झोला."

"ते नाव नाही हो. कोणती बाई? नाव असं पाहिजे, की मॉलमध्येसुद्धा शोभलं पाहिजे." मी कागद पुढे केला. कमला भोयरची आद्याक्षरं घेऊन मी 'केबीज्' असं नाव काढलं होतं, राखाडी रंगात, बारीक अक्षरांत.

काकूंनी कागद लांब धरून बघितला. "के-बी म्हनून तं मले कोनी हाक नाई मारत." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "बरं दिसते पन. तू शिकलेली हायेस, तुले समजते."

तीन मापं ठरली. कॅनव्हास राखाडी आणि काळा. लाल टीप कच्ची दिसते म्हणून मी ती काढायला लावली. जुनं कापड तर बंदच. "ब्रँड म्हणजे प्रत्येक नग सारखा, काकू. दुकानातून घेणाऱ्याला तुम्ही विचारणार कसं, डबा कोण भरतं ते?"

"डबे तं सारखे नसतेत वो," त्या एवढंच म्हणाल्या आणि सुईत काळा दोरा ओवला.

ओळीतल्या दोन बायका मदतीला घेतल्या. रायपूरच्या एका प्रदर्शनात आम्ही टेबल लावलं. काकू नवी साडी नेसून माझ्या शेजारी बसल्या होत्या. हाताला काम नव्हतं म्हणून पदराचं टोक सारखं गुंडाळत होत्या. एका मुलीने झोला उचलला, तेव्हा न राहवून त्यांनी आपल्या हिंदीत विचारलंच, "डब्बा कौन भरता है?"

मुलगी हसली. "ऑफिस में कैंटीन है, आंटी."

ती झोला घेऊन गेली. काकू माझ्याकडे वळल्या. "मंग काऊन नेला वो तिनं?"

मी हसण्यावारी नेलं. त्याच प्रदर्शनात रायपूरच्या एका दुकानदाराने दर महिन्याला माल घ्यायचं कबूल केलं आणि येताना बसमध्ये मी इतकी खुशीत होते, की काकू गप्प होत्या हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी काकू भाजी आणायला गेल्या होत्या. मी त्यांच्या पुढच्या खोलीत लेबलं मोजत बसले होते. एक उंच, वयस्क माणूस दारात आला. अंगावर रेल्वेचा निळा शर्ट होता.

"बाई घर में हैं?"

"नहीं हैं. काय काम होतं?" माझं हिंदी-मराठी नेहमीच असं मिसळतं.

तो चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतून आला होता. पहिला झोला फाटला नव्हता, पण दुसरा शिवून हवा होता. त्याने खिशातून घडी केलेला कापडाचा तुकडा काढला. सुती साडीचा होता, पिवळ्या जमिनीवर हिरवी बुट्टी. "मेरी घरवाली की है," तो म्हणाला. "अब डब्बा मैं ही भरता हूँ."

मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मला कळलं होतं. तरी मी म्हटलं, "अब हम लोग ये नहीं करते. तैयार माल है, तीन साइज़ में."

मी टेबलावरचे राखाडी झोले दाखवले. त्याने ते पाहिले, एकाला हातही लावला. मग तुकड्याची पुन्हा घडी केली, आधीच्याच घडीवर, नीट, खिशात ठेवली आणि "अच्छा बेटी" म्हणून निघून गेला.

काकू आल्या. पिशवी खाली ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "कोनी आलतं का वो?"

"नाही," मी म्हटलं.

दुकानदाराने पाच महिने माल घेतला. सहाव्या महिन्यात त्याने सांगितलं, असेच झोले त्याला दुसरीकडून मिळतात, लेबलाची छपाईही जास्त सफाईदार. मी रागावून दुकानात गेले. त्याने दोन झोले लेबलं झाकून शेजारी ठेवले आणि सांगा म्हणाला, तुमचा कोणता. मला क्षणभर खरंच सांगता आलं नाही. कोणालाही शिवता येईल असा झोला मी काकूंकडून शिवून घेतला होता, तो कोणीतरी शिवला.

मी काकूंना म्हटलं, जाऊ द्या, आपली जुनी गिऱ्हाइकं आहेतच. काकू मशीनवर हात ठेवून बसल्या होत्या. "तेच तं पाहून राहिली मी. जुनी मानसं काऊन येऊन नाई राहिली?"

तेव्हा मी चरोद्याच्या माणसाचं सांगितलं. साडीचंही सांगितलं. त्या दिवशी खोटं बोलले तेही.

काकूंनी त्याचं नाव विचारलं नाही. "उंच? चार खनांचा डबा?" मला डबा कुठला माहीत! "त्याची बायको मापाले स्वता आली होती. वरच्या खनात लोनचं ठेवते म्हनून वरून दोन बोटं जास्त दिलते मी." त्या उठल्या, चप्पल घातली. "गाडी काढ."

स्कूटरवरून आम्ही चरोद्याला गेलो. इतक्या वर्षांत काकू माझ्यावर रागावल्या तो हा एकच दिवस. रेल्वे कॉलनीत चार दारं विचारल्यावर क्वार्टर सापडलं. दार एका तरुण बाईने उघडलं, कडेवर बाळ होतं. ते तर रिटायर होऊन गावी गेले, म्हणाली. कुठलं गाव ते तिला ठाऊक नव्हतं. शेजाऱ्यांनाही नीट सांगता येईना. कोणी बिलासपूरकडचं म्हणालं, कोणी त्याच्याही पुढचं.

काकू त्या परक्या दाराशी उभ्या राहिल्या. बाईने पाणी आणून दिलं, ते प्यायल्या. परत स्कूटरशी आल्यावर म्हणाल्या, "त्याले 'नाई' तू नाई म्हटलं, वैशू. मी म्हटलं. त्याले तुहं नाव कुठं मालूम हाय?"

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही आणि आणखी बोल लावला नाही.

राखाडी कॅनव्हासचा उरलेला तागा त्यांनी मदतीच्या बायकांना वाटून टाकला. पुन्हा पहिल्यासारखं सुरू करा, मी लाल दोरा आणून देते, असं मी खूपदा म्हटलं. त्या हो म्हणायच्या. पण एव्हाना गेटवर मोटरसायकली वाढल्या होत्या, पाठीवरच्या तयार बॅगा आल्या होत्या. जी जुनी माणसं झोल्यासाठी थांबली असती, त्यांना बाईने आता दुकान टाकलंय, ती आपल्यासाठी शिवत नाही, एवढं कळून चुकलं होतं. ही बातमी गेटवर कोणामुळे पोचली ते मला शोधायची गरज नव्हती. त्यातून काका निवृत्त झाले. क्वार्टर सोडून दोघं कुम्हारीला दोन खोल्यांच्या घरात गेली.

तिथे मी एकदाच गेले. थंडी होती, काकू अंगणात उन्हात बसून लाखोळीच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून तोंडभर हसल्या. मी नोकरीत बढती मिळाल्याचं सांगितलं. त्यांनी काकांना हाक मारून तेही ऐकवलं, जणू त्यांचीच बढती.

मग शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "एक सांगू? लोकाईले आधी विचारत जाय वो. मले तू विचारलंच नाई."

"काय विचारायचं होतं, काकू?"

"का बाप्पा, काकू, तुमाले मोठं व्हाचं हाय का?"

त्या हसत होत्या. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग सांगा ना आता. व्हायचं होतं का?"

"आता विचारून राहिली!" असं म्हणून त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं. तेवढ्यात शेजारची बाई दही मागायला आली, तिच्याशी त्या बोलत राहिल्या, आणि माझी निघायची वेळ झाली.

पुढच्या वर्षी, पौषात, त्या गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या आणि दवाखान्यात पोचायच्या आतच गेल्या. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

त्यांना मोठं व्हायचं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. कदाचित व्हायचं असेल, माझ्या पद्धतीने नाही इतकंच. एकदा आणखी जाऊन विचारायला हवं होतं. भिलाईहून रायपूरला जाणारी माझी बस कुम्हारीला रोज थांबायची. चांगली पाच मिनिटं थांबायची. त्या एका वर्षात मी रोज सकाळ-संध्याकाळ तिथे खिडकीशी बसलेली असायचे, आणि उतरले नाही.