ईस्ट-नॉर्थ

"चावडीपासून तुझं घर कुठल्या दिशेला? इंग्रजीत सांग."

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. राहुरीच्या बाजूला कालव्याची मोजणी चालली होती. मोजणीच्या वहीत लिहायला मॅट्रिक झालेला माणूस हवा होता. मी झालो होतो. आमच्या वस्तीतला पहिलाच. मोजणीचे साहेब माझी मुलाखत घेत होते.

"ईस्ट-नॉर्थ, सर."

साहेब हसले. ओव्हरसियर हसले. दारातल्या शिपायाला इंग्रजीचा गंध नव्हता, तोही हसला. आम्ही दिशा पूर्वेपासून मोजायचो, उगवतीकडं तोंड करून. इंग्रजीत नॉर्थ आधी येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"नॉर्थ-ईस्ट म्हणतात. म्हणजे ईशान्य. देवाचा कोपरा तो. तिथं तुम्ही लोक कसे?"

मी सांगितलं. महारवाडा ओढ्यापलीकडं आहे, गाव मेलेली ढोरं टाकतं तिथं. माझ्याच तोंडानं सांगितलं. राग आला नाही. काहीच आलं नाही.

वही ओव्हरसियरच्या भाच्याला मिळाली. मला झेंडी. मी उन्हात झेंडी धरून उभं राहायचं, साहेबांनी दुर्बिणीतून बघायचं. नावही तेच पडलं. "ए ईस्ट-नॉर्थ, मागं सरक." चार महिने मी त्या नावाला ओ दिली. त्याची लाज मला अजून वाटते.

आईनं एकदा विचारलं, "सायब तुला काय म्हनून हाक मारत्यात रं?"

मी म्हणालो, "नावानं."

मग एक दिवस कालव्याची रेघ आग्नेयेला वळली. भाचा मोठ्यानं बोलत लिहीत होता. साउथ-वेस्ट.

"साहेब, साउथ-ईस्ट," मी म्हणालो.

"घ्या! आता ईस्ट-नॉर्थ आपल्याला इंग्रजी शिकवणार!" साहेब म्हणाले.

तरी त्यांनी होकायंत्र बघितलं. साउथ-ईस्टच निघालं. भाच्यानं खोडून नीट लिहिलं. त्याला कुणीही हसलं नाही.

"चल, झेंडी उचल, ईस्ट-नॉर्थ."

मी झेंडी तिथंच जमिनीवर आडवी टाकली. "नावानं हाक मारा, साहेब. मग उचलतो."

"घरी जायचंय का?"

"जातो."

घरी आईला सगळं खरं सांगितलं. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"आन् आता रं?"

"पुन्ना अर्ज करनार. त्याच हापिसात. लिवायच्याच कामाचा."

"पुन्ना हसतील की."

"हसू दे. वही हातात घेतल्याबिगर मी तिथनं हलत न्हाई."