घर तुमचंच समजा

समोरच्या वकिलानं कोर्टात जो फोटो पुढे केला, तो आमच्याच घराच्या वास्तुशांतीचा होता. पाटावर माझा भाडेकरू आणि त्याची बायको, पुढ्यात होम पेटलेला. कडेला अर्धीच आलेली, प्रसादाचं ताट धरून उभी असलेली बाई म्हणजे माझी बायको. हा फोटो गावच्या ग्रुपवर मीच हौसेनं टाकला होता.

फौजेत असताना साताऱ्याच्या कडेला प्लॉट घेऊन मी हे घर बांधलं. आमच्या दुष्काळी म्हसवडकडचे बरेच फौजी हेच करतात. पेन्शनवर आल्यावर पाण्याच्या गावात राहायचं, एवढंच बायकोनं आयुष्यभर मागितलं होतं. मुहूर्त धरला आणि नेमकी माझी सुट्टी रद्द झाली. भटजी म्हणाले, पूजेला जोडपं पाहिजे. मला भाऊ नाही. माझा एक वर्गमित्र साताऱ्यात नोकरीला होता, घर त्यालाच भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. मी फोनवर म्हणालो, "तुमी दोघं बसा रं. घर तुमचंच समजा."

आपल्याकडे हे वाक्य कोण म्हणत नाही? पाहुण्यानं चपला काढायच्या आत आपण म्हणून मोकळे होतो. त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. कोर्टात मात्र तो सिद्ध करावा लागतो.

कराराचा विषय मी काढला होता. तो म्हणाला, "गड्या, आपल्यात कागूद? लोकं काय म्हंतील?" उलट मलाच ओशाळल्यासारखं झालं. चौकीवर ओळखपत्र पाहिल्याशिवाय मी कर्नललाही आत सोडलं नसतं, आणि स्वतःच्या घरात हा माणूस नुसत्या हसण्यावर घुसवला.

पेन्शनवर आलो, घर मागितलं. पोरीची बारावी होऊ दे, म्हणाला. बारावी झाली, पोरगी कॉलेजात गेली, आणि मग हा म्हणायला लागला की घर निम्मं त्याचं आहे. बांधकामावर तो उभा राहिला, पूजेला तो बसला आणि 'घर तुमचंच' हे मालकच म्हणाला.

माझे वकील म्हातारे, बोलायला तुसडे. म्हणाले, "फौजीला भाड्याचं घर लवकर परत मिळावं म्हणून कायद्यात येगळी सोय हाय. पर ती भाडेकरूच्या इरुद्ध. ह्यो तर म्हंतोय, मी भाडेकरूच न्हाई."

"मग भाडं देत हुता ते?"

"रोख न्हवं? पावती दिलीसा कवा?"

पावती! ज्याच्या वरातीत घाम निथळेस्तोवर नाचलो, त्याला पावती! वकील पुढे म्हणाले, की करार लिहून नोंदवायची जबाबदारी मालकाची. तो नसला, की भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरून चालतात. खोट्या आहेत हे मालकानं दाखवायचं. कायदा भाडेकरूला सांभाळतो, ते बरोबरच आहे. पण हा भामटा दोन्हीकडून जेवत होता: भाडेकरू नाही म्हणून निम्मं घर मागायचं, आणि भाडेकरू ठरलाच तर अटीही त्याच्याच.

त्याच्या उलटतपासणीत आमच्या वकिलांनी फोटोवर बोट ठेवून विचारलं, "कडेला ही बाई कोण?"

माझी बायको मागच्याच बाकावर बसली होती. माझ्या लग्नानंतर तिच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय तो आमच्या घरून कधी गेला नव्हता. फोटोकडे बघत म्हणाला, "त्या मदतीला आल्या होत्या."

त्या दिवशी त्याचा गळा धरावासा वाटला. अजून वाटतो.

तारखा चालूच आहेत. आम्ही साताऱ्यातच भाड्यानं राहतो. मालक विधुर, रिटायर मास्तर. त्यांनी अकरा महिन्यांचा करार नोंदवून घेतला, पोलीस ठाण्यात माझी माहिती दिली, मुदत संपली की परत नवा करार. पहिल्यांदा मला राग आला होता. आता त्यांच्यापुढे मान झुकते.

परवा त्यांनी वरचा मजला पूर्ण केला. मुलगा परदेशात, येऊ शकत नव्हता. संकोचत आमच्या दारात आले. "आवं, वास्तुशांत हाय. पूजेला जोडपं लागतंय. तुमी दोघं बसता का?"

मी बायकोकडे पाहिलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बसायचं नगं, गुरुजी. म्या मदतीला येते."