दाजींनी माझ्यासाठी ठेवलेला खेळाडू

शेवटच्या भेटीतही दाजींनी माझं डोकं फिरवलं. नगरच्या दवाखान्यात, दोन्ही किडन्या थकलेल्या, हाताला सलाईन, आणि हा माणूस मला विचारतोय, "पाव्हणं, यंदाच्या यादीत डावखुरं कोन हाय?" मी म्हटलं, दाजी, डॉक्टर काय म्हणाले ते सांगा आधी. तर म्हणे, "ते डॉक्टरला ठावं. तुमी यादीचं बोला." यादी माझ्या खिशात होती. पण मला इतका वैताग आला होता, की मी ती काढली नाही. पाचव्या दिवशी संगमनेरला आमच्या कॉलेजात फोन आला. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक, जामखेडचे रंगनाथदाजी गेले... ऑफिसातल्या बाईंनी मला लॅबमध्ये येऊन सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला रडू यायच्या आधी राग आला, तो स्वतःचाच. यादी दाखवायला माझं काय जात होतं?

ही यादी क्रिकेटच्या खेळाडूंची, आणि त्यातला एकही खेळाडू या जगात नव्हता. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट. आमच्या पठाण सरांनी ब्याण्णव साली काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटणाऱ्या त्या मशीनसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. मशीनच नावं जुळवायचं, प्रत्येकाला जिल्ह्यातलं एक गाव द्यायचं, आणि दरवर्षी अठरा वर्षांची नवी पोरं जन्माला घालायचं. फलंदाजीचे गुण दिसायचे, गोलंदाजीचे दिसायचे. मात्र पोरगं पुढं जाऊन काय होणार, तो आकडा मशीनच्या पोटात. सरसुद्धा तो बघत नसत, निदान तसं सांगत. सहा संघ आणि ते चालवणारे, पुढं आलेले दाजी धरून, आम्ही सहा येडे. जूनमधल्या एका रविवारी सगळ्यांनी लॅबमध्ये जमायचं आणि आळीपाळीनं एकेक नवं पोरगं उचलायचं. आदल्या वर्षी जो शेवटचा, त्याला पहिला नंबर. सर याला ड्राफ्ट म्हणायचे, आम्ही वाटणी म्हणायचो. मग वर्षभर मशीन सामने खेळायचं आणि सर निकाल छापून पोस्टानं पाठवायचे.

दाजी यात आले ते माझ्याच चुकीनं. आक्काला माहेरी सोडायला आले होते, तर म्हटलं चला, तुम्हाला मशीन दाखवतो. वायरमन माणूस, त्यामुळे आधी त्यांनी लॅबचं अर्थिंग तपासलं आणि नावं ठेवली. मग कर्रकर्र करत छापून येणारा स्कोअर वाचत उभे राहिले.

"ही मानसं ऱ्हात्यात कुठं?"

"कुठंच नाही, दाजी. मशीननं बनवलीत."

"मग आऊट कशी झाली?" आणि लगेच सरांकडे वळून म्हणाले, "मला बी एक टीम द्या."

इथून माझ्या डोक्याचा ताप सुरू झाला. आम्ही सगळे गुण बघून खेळाडू उचलायचो, दाजी गाव बघून. जामखेड, कर्जत, पाथर्डी, म्हणजे जिथं पाण्याची बोंब तिथलं पोरगं असलं की दाजींनी ते घेतलंच म्हणून समजा. "बागायती पोरं नाजूक असत्यात. ही टिकत्यात." अहो दाजी, ते गाव मशीननं चिठ्ठी काढल्यासारखं लावलंय, त्याचा खेळाशी काही संबंध नाही, हे मी त्यांना किमान शंभरदा सांगितलं असेल. आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी खर्ड्याचा दगडू ढवळे उचलला. गोलंदाजीचे गुण असे, की आम्ही तोंडावर हसलो. त्या दगडूनं पुढची चार वर्षं आम्हा पाचही जणांची दाणादाण उडवली! मग काय विचारता. दर भेटीत दगडू. आक्काच्या दिराच्या लग्नात, पंगतीत, वाढप्याला सांगतायत, "ह्यो पोरगा मी हेरला." वाढप्याला वाटलं नवरदेवाबद्दल बोलतायत.

पण एका दगडूवर त्यांनी पुढचे किती गोटे गोळा केले त्याला गणती नाही. नान्नजचा एक विकेटकीपर होता, त्याचे गुण दरवर्षी खाली यायचे. मी म्हणायचो, काढून टाका. "पोरगं वाईट न्हाई, मशीन वाईट हाय." एकदा त्यांनी सरांना पोस्टकार्ड धाडलं, की सदर खेळाडूस एक महिना विश्रांती द्यावी, त्याचे मन लागत नाही. पठाण सर भला माणूस. त्यांनी ते कार्ड फाईलला लावलं आणि खरोखरच त्याला चार सामने बाहेर बसवलं. परत आल्यावर तो पहिल्याच चेंडूवर आऊट झाला.

आता शहाण्णवची वाटणी. हे मी आजवर ज्याला त्याला दाजींच्या वेडेपणाचा नमुना म्हणून सांगत आलो. त्या वर्षी यादीत सोपान मापारी नावाचा फलंदाज होता. असा खेळाडू चार वर्षांत यादीत आला नव्हता. मी आदल्या वर्षी शेवटचा, म्हणून पहिला नंबर माझा. दुसरा राहुरीच्या मेडिकलवाल्या डहाळ्यांचा, तिसरा दाजींचा. महिनाभर मी मापारीच्या नावाखाली रेघा ओढून कागद फाडत आणला होता, आणि दाजी आमच्याकडेच उतरल्यामुळे त्यांनी तो कागद पाहिला होता. सर म्हणाले, "नंदू, तुझा पहिला नंबर." समोर दाजी बसलेले. पुढच्या बाकावर आक्काही होती, मुद्दाम बघायला आलेली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी दाजी. पहिला मान त्यांचा. मी त्यांच्या नंबरावर घेतो."

आमच्यात असंच असतं. पाटावर, गाडीत, फोटोत, आधी दाजी. अर्थात मी काही इतका साधाही नव्हतो. यादीत कर्जतकडचं एक काडीपैलवान पोरगं होतं, दाजी तेच उचलणार याची मला खात्री होती. म्हणजे मानही दिला जाईल आणि मापारीही राहील. दाजींनी माझ्याकडे बघितलं, हसले, आणि कर्जतचं पोरगं उचललं. मी खूश. तेवढ्यात डहाळे म्हणाले, "सोपान मापारी."

मी ओरडलोच. सरांनी शांतपणे सांगितलं, "तूच नंबर बदललास ना? आता डहाळे दुसरे, तू तिसरा." दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं मागनं लगेच तुमीच हाय," ते म्हणाले. "म्या तर तुमच्यासाटी ठिवला हुता की ओ!"

तो मापारी पुढं डहाळ्यांकडून धावांच्या राशी ओतत राहिला, दर निकालपत्रात त्याचं नाव वाचलं की मला दाजींवर नव्यानं चिडायला मिळायचं. दिवाळीला मी जामखेडला गेलो नाही. आक्कानं फोनवर झाप झाप झापलं. "जे मानूस जल्माला आलंच न्हाई, त्याच्यापायी सख्ख्या बहिणीची दिवाळी मोडतो व्हय रे?" मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला विचार. तिकडून मागं दाजींचा आवाज आला, "त्येला बोलू नगं, त्येचं बराबर हाय."

आणि मग प्रायश्चित्त म्हणून दाजींनी जे सुरू केलं, ते तर त्या चुकीहून भयंकर. पुढच्या प्रत्येक वाटणीत स्वतःचा नंबर आला, की आधी भर खोलीत मला विचारायचे, "पाव्हणं, तुमाला कोन पायजे? तेवढा सोडून घेतो." अहो, हळू! बाकीचे चौघं पेन सरसावून माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही, तर दाजी माझ्या तोंडावरून ओळखायचे आणि बरोबर ओळखायचे. मी किती वेळा हात जोडले, दाजी, माझ्यासाठी काही ठेवू नका, तुमची टीम बघा. "बघतो की," म्हणायचे, आणि पुन्हा तेच. अठ्ठ्याण्णव साली सरांनी निकाल ई-मेलवर टाकायला सुरुवात केली. दाजी जामखेडहून एसटीनं नगरच्या सायबर कॅफेत जायचे, सगळे स्कोअर वहीत हातानं उतरवून घ्यायचे आणि तिथूनच एसटीडी लावून मला माझ्याच सामन्याचा निकाल वाचून दाखवायचे. मी सरांच्या शेजारी बसून तो छापलेला असायचा. "दाजी, माहीत आहे मला!" "असू द्या, ऐका. जितलाय तुमी." स्वतःची टीम हरली हे ते शेवटी, फोन ठेवता ठेवता सांगायचे.

गेले काही आठवडे मी शहाण्णवचा तो रविवार पुनःपुन्हा मनात आणतोय. नंबर मी बदलला. डहाळे मध्ये आहेत हे मोजायला मी चुकलो, कॉम्प्युटर लॅबमधला मी. मान दिला तोही हिशेब करून दिला. त्या खोलीत एकट्या दाजींनी मनापासून काहीतरी सोडलं होतं, आणि तीन वर्षं बोलणी त्यांनीच खाल्ली. एकदाही म्हणाले नाहीत, की पाव्हणं, चूक तुमची आहे. दवाखान्यात मी हे म्हणू शकलो असतो... त्यांना डावखुरं कोण ते हवं होतं आणि मी तेही सांगितलं नाही. याची मला फार लाज वाटते.

जूनमध्ये वाटणी करायची की नाही, यावर सरांचा आणि माझा खल चालू असताना आक्काचा फोन आला. "त्यांची टीम मोडायची न्हाई. मी चालवीन." आली. दाजी बसायचे त्या खुर्चीवर न बसता सरळ पुढं, मशीनजवळ बसली. दाजींचा संघ यंदा चौथा आणि माझा तिसरा, त्यामुळे तिचा नंबर माझ्या लगेच आधी. सरांनी तिचं नाव पुकारलं. डहाळ्यांनी सवयीनं पेन उचलून माझ्याकडे पाहिलं, आणि मीही नकळत मान खाली घालून तोंड लपवलं, दाजींना ओळखू येऊ नये म्हणून.

आक्कानं चष्मा लावून यादी वाचली आणि नाव घेतलं. डावखुरा, अकोले तालुक्यातला. महिनाभर मी ज्याच्यावर डोळा ठेवून होतो तोच.

"आक्का, अगं, तो मला हवा होता!"

"मग बोलायचं हुतंस," ती वळून म्हणाली. "मला न सांगता कसं कळंल?"

सरांनी माझा नंबर पुकारला. माझ्यासाठी कुणी काही ठेवलं नव्हतं. उरलेल्यातलं एक नाव मी घेतलं आणि खाली बसलो.