शर्यतीआधीच उत्तेजनार्थ

साहेबांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. दोन बोटं पार दातांच्या आत. बोटांना अत्तराचा अन् तंबाखूचा वास. मी गिळणार तेवढ्यात फोटोवाला वरडला, "सायेब, डोळं झाकलं पोरीनं. आजूक एकदा." मग दुसरा पेढा. मग तिसरा, कारण मधी कुणाचा तरी फेटा आला. माझ्या हनुवटीवरनं लाळ गळत व्हती अन् खाली लोक टाळ्या वाजवत व्हते. 

साहेब म्हंजे आमच्या भागातले पुढारी. गेल्या साली त्यांच्या वाढदिवसाला गेवराईत पोरींची सायकल शर्यत ठेवलती. पुण्याहून पगारी सायकलपटू आलत्या. सायकल चालवायची हीच त्यांची नोकरी. मी शिरूर कासारची, बारावीला. रोज सायकलवर कॉलेजला जायची अन् रस्त्यात ट्रॅक्टर दिसला की त्याला मागं टाकायची. वाटायचं, एकदा खऱ्या शर्यतवाल्या पोरींसंगं पळून बघावं. आपण कुठं हावोत ते तरी कळंल. एवढंच पायजे व्हतं मला.

पण साहेबांना पुढं लग्नं गाठायची व्हती. माईकवाला म्हणला, "वेळेअभावी उत्तेजनार्थ बक्षीस आपण आधीच देऊन घेऊयात." अन् माझं नाव पुकारलं. शर्यत सुरू व्हायच्या आधी! पहिल्या तीन नंबरांच्या ढाली टेबलावर झाकून ठेवल्या, त्या पळणाऱ्यांसाठी. माझी मात्र देऊन मोकळे. मी पळून काही व्हणार न्हाई, हे यांचं हार घालतानाच ठरलेलं.

साहेबांनी माईक हातात घेतला. "हिचे आईबाप कारखान्याला गेलेत ऊस तोडायला. पोर एकटी राहती घरात. तरीबी आली. वाजवा टाळ्या!"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. भर गर्दीत सांगून टाकलं, पोर घरात एकटी हाय म्हणून. खाली उभी पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली. मला सायबाची शिसारी आली. त्या टाळ्यांची आली. अन् हार घालून, हात जोडून, दात दाखवत उभ्या ऱ्हायलेल्या माझी तर सगळ्यात जास्त आली. थू!

स्टेजवरनं उतरले, ढाल शर्यतीमागनं येणाऱ्या टेम्पोत ठेवली, तर पुण्याची एक पोरगी म्हणली, "अगं, तू तर आधीच जिंकलीस!" वाईट नव्हती ती. पण तिच्याबी हिशेबात मी शर्यतीत नव्हतेच.

शिट्टी वाजली. त्या सुटल्या त्या सुटल्याच. खोटं कशाला बोलू, लई जोरात व्हत्या. मी दातओठ खाऊन शेवटच्या पोरीच्या चाकामागं चिकटले अन् पहिल्यांदा कळलं, म्होरलीच्या आडोशाला वारा लागत न्हाई. आयला, काय मजा आली! थोडा वेळ का व्हईना, मी त्यांच्यातली एक व्हते. मग चढ लागला अन् पोटातले पेढे घशाशी आले. त्या निघून गेल्या. मी मागं पडले.

मागनं टेम्पो आला. साहेबांचा एक कार्यकर्ता उतरला अन् माझं हँडलच धरलं.

"ए पोरी, सायकल टाक वर. रस्ता मोकळा करायचाय."

"माझी शर्यत न्हाई झाली."

"तुझं बक्षीस झालंय की. आता कशाला पळतीस?"

हे ऐकलं अन् मी भडाभडा ओकले. त्याच्या पांढऱ्या बुटावर. तो शिव्या देत मागं सरला, हँडल सुटलं. टेम्पोतनं माझी ढाल काढून नाचवायला लागला, "लई मस्ती आली का गं? ही कुणी दिली तुला?"

मी तोंड पुसलं. म्हणलं, "मागं पडणार म्हणून दिली ना? मग शेवटची तरी येऊ द्या की. अन् ती ढाल ऱ्हाऊ द्या सायबाला."

पायडल मारलं. तोंडात आंबट चव. टेम्पो हॉर्न मारत मागं येत ऱ्हायला. मी बाजूला झाले न्हाई.

पोचले तवा मंडपवाले खुर्च्या गोळा करत व्हते. चुन्याची रेघ लोकांच्या पायानं अर्धी पुसलेली. तीवरनं सायकल नेली. माईकवाला वायर गुंडाळत व्हता.

"दादा, पुकारा. शेवटचा नंबर आला."

"निकाल झाला ताई. जा घरी."

मग मीच वरडले, "शेवटची आले! पळून आले!" चहाच्या गाड्यावरचे फिदीफिदी हसले. हसा म्हणलं. शेवटचा तर शेवटचा, तो नंबर माझ्या पायांनी काढलाय.

यंदाबी बोलावणं आलं. तोच कार्यकर्ता घरी येऊन म्हणला, सायेब स्टेजवर सत्कार करणार हायेत. मी सांगितलं, पळायला येते, स्टेजवर चढणार न्हाई. ज्याला मला मागं टाकायचंय त्यानं सायकलवर बसावं अन् टाकून दाखवावं. स्टेजवरनं मला कुणी मागं टाकायचं न्हाई.