पारूबाईंनी ठेवलेली निळी फुलं

"वैनी, समदी हरळी मुळासकट काढली बगा! निळी फुलं तेवडी ठिवली… देवाची हायेत."

दहा-बारा वर्षांपूर्वी पारूबाईंनी हे सांगून खुरपं खाली ठेवलं, ते इतक्या समाधानानं, की रडावं की हसावं मला कळेना.

त्या आमच्याकडे पोळ्यांना येत. कर्वेनगरला तळमजल्यावर राहायला आल्यावर खिडकीसमोरच्या पट्टीत मी हौसेनं लॉन लावलं होतं. त्या सकाळी घाईत "तेवढं तण काढाल का?" एवढंच म्हणून ऑफिसला गेले…

पारूबाई हडपसरच्या शेतात वाढलेल्या. तिथे हरळीइतकं वाईट तण नाही, आणि माझं लॉन म्हणजे हरळीच की! मला जे तण नको होतं, ती निळ्या फुलांची विष्णुक्रांता मात्र जागच्या जागी.

दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही.

पण विष्णुक्रांता पसरत गेली, जमिनीला अगदी बिलगून. मे महिन्यात सोसायटीत टँकर येतात, सगळ्यांची लॉन्स पिवळी पडतात. हिला आठवड्यातून एकदा भाजी धुतलेलं पाणी पुरतं… आणि सकाळी शर्टाच्या बटणाएवढी निळी फुलं!

किती कमी मागावं एखाद्यानं. पारूबाईही तशाच होत्या. आता त्या नाहीत… "तुमचं बरोबर होतं" हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

परवा कळलं, त्या पट्टीवर ब्लॉक बसवणार. तीन स्कूटर मावतील म्हणे. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उत्साहानं विष्णुक्रांतेबद्दल सांगत होते, तर आमचे सेक्रेटरी काका म्हणाले, "मॅडम, संस्कृत नाव असलं म्हणून तणाची बाग होत नाही." सगळे हसले. मीही हसले… दहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले असते.

काका, तुम्ही माझ्या पोस्ट वाचता, मला माहीत आहे. मंगळवारी ब्लॉकवाले यायच्या आधी एकदा सकाळी नऊला या. दुपारी नको, फुलं मिटतात. खिडकीखालची हातभर पट्टी तेवढी सोडाल का?

तुम्ही नाहीच म्हणणार. पण काका, जरा खाली वाकून बघा… आणि मग म्हणा.