फुनाबोरीचे कलेक्टर

टोकियोच्या कडेला असलेल्या आमच्या फुनाबोरीवर राज्य कुणाचं असं विचारलं तर कुणी वॉर्ड ऑफिस म्हणेल, कुणी पोलीस म्हणेल. पण मी इथं राहते म्हणून सांगते, यंदा थंडी सरता सरता ते आले आणि पाऊस लागायच्या आत गेले, तेवढ्या दिवसांत नदीच्या बांधापासून स्टेशनापर्यंत सगळा मुलूख एकाच माणसाच्या ताब्यात होता. तो माणूस म्हणजे आमच्या शेजारच्या वैशालीचे सासरे, आमचे काका. त्यांना जपानी येत नव्हतं, एक पाटी वाचता येत नव्हती, लिफ्टमध्ये दुसरं कुणी असल्याशिवाय ते पाय ठेवत नव्हते, पण राज्य करायला भाषा लागते हे त्यांना मान्यच नव्हतं. "आमच्या साहेबाले कुठं येत होती वं भाषा?" म्हणायचे, आणि टोपी सारखी करून पुढं चालायला लागायचे.

साहेब म्हणजे त्यांच्या आजोबांचा साहेब, गोरा. काका स्वतः गोदावरीकाठच्या जंगलातल्या एका तालुक्यात अव्वल कारकून होते आणि तिथूनच रिटायर झाले, पण त्यांचे आजोबा इंग्रजांच्या काळात तिथंच शिरस्तेदार होते. तेव्हा तो मुलूख म्हणजे राज्याचं शेवटचं टोक. पुढं नदी आणि नदीपलीकडं निजाम. सगळ्या जंगलात साहेब एकटा, एक बंगला, एक घोडा, चार शिपाई आणि तापाच्या गोळ्या. हे सगळं काका असं सांगायचे की जणू काल तंबू उठला. मी दहावीला गणितात उडालेली बाई, मला काय इतिहास कळतोय, पण माझ्या ओवीला कडेवर घेऊन मी ऐकत बसायचे, कारण दुसरं मराठी बोलणारं माणूस दिवसभर घरी नसायचं. वैशाली ऑफिसला, तिचा नवरा ऑफिसला, आणि आमचे हे एका इंडियन हॉटेलात तंदूरवर, ते सकाळी जे जातात ते एकदम रात्री.

काकांचा रोज दौरा असायचा. काळा कोट, लोकरीची टोपी, हातात काठी. आधी सायकल स्टँड बघायचे, मग कचऱ्याची जागा. जळणारा कचरा आणि न जळणारा कचरा वेगळा ठेवतात हे त्यांना इतकं आवडलं की त्याला ते जंगलखातं म्हणायचे, आणि कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून टाकलेली जाळी कुणी नीट लावली नसली की काठीनं सारखी करायचे. बिल्डिंगचे केअरटेकर म्हातारे आहेत, त्यांना काकांनी पहिल्याच दिवशी कोतवाल नेमलं. कोतवालांना याचा पत्ता नव्हता, पण काका दिसले की ते कमरेत वाकायचे आणि काका नुसती मान हलवायचे. एकदा त्यांच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला आणि मला म्हणाले, "इनाम देत गेलं पाहिजे, नाहीतर माणूस फितूर होते." मग नदीचा बांध. बांधावर उभं राहून पलीकडच्या उंच बिल्डिंगा बघायचे आणि सांगायचे, "ते तिकडं निजाम." मुलगा रोज ट्रेननं नदी ओलांडून टोकियोच्या मध्यात कामाला जातो, तर त्याच्याबद्दल चारचौघांत म्हणायचे, "आमचा पोरगा निजामाच्या चाकरीत आहे, पगार बरा देतात, पण सोडत नाहीत." मुलगा बिचारा हसायचा पण नाही, इतका दमलेला असायचा.

शनिवारी बागेतल्या बाकावर दरबार. सगळ्या आपल्याकडच्या बायका पोरं घेऊन यायच्याच, तर काकांनी न्यायनिवाडे सुरू केले. कुणाच्या मुलानं कुणाच्या मुलीला फावडं मारलं, कुणी कुणाला भिशीत घेतलं नाही. वैशाली कपाळाला हात लावायची. "अहो बाबा, हे लोक काय रयत आहेत का तुमची?" तर ते म्हणायचे, "रयत नसते वं, रयत करावी लागते." पण एक होतं, ते बाकावर बसून निकाल द्यायचे नाहीत. साहेबाचा नियम होता म्हणे, तंबूत बसून तक्रार ऐकायची नाही. जिथं तंटा आहे तिथं जायचं, तक्रार करणाऱ्याच्या दारात बसायचं, त्याच्या हातचं पाणी प्यायचं आणि मग तोंड मिटून कान उघडे ठेवायचे. फावड्याच्या भांडणात काका खरंच वाळूत बसले होते, कोट घालून.

मी एकदा म्हटलं, काका, साहेब फार भला होता का हो? तर त्यांनी टोपी सारखी केली. म्हणाले, "आजोबा सांगत, भला होता. आजी सांगे, त्याचं सामान डोक्यावर घेऊन लोक फुकट दहा कोस चालत, रस्त्यात तापानं पडत, ते कुणी लिहून ठेवत नसे. आणि साहेब तरी काय, विशीतलं पोरगं. बंगल्यात दार लावून रडे. भेत होता बाप्पा. जो जास्त भेते तो जास्त हुकूम काढते."

भीतीचं म्हणाल तर ती माझ्याकडं भरपूर होती. पत्रांच्या पेटीत कागद आला होता. जपानीत होता, मी तो तसाच वैशालीकडं नेला. तिनं वाचलं, बिल्डिंगच्या ऑफिसकडून होता, कुणाचं नाव नव्हतं. सकाळी वरून दणदण आवाज येतो अशी खालच्या मजल्यावरून तक्रार आहे, लहान मुलं असणाऱ्यांनी कृपया लक्ष द्यावं. आमच्या मजल्यावर लहान मूल एकच, ओवी, आणि आमच्या बरोबर खाली एक म्हातारी आजी एकट्या राहतात. म्हणजे आम्हीच की. हे म्हणाले, "अगं, तिला पळू देऊ नको बाई. हे घर मिळायला किती जणांनी नाही म्हटलं आठवतंय ना? परदेशी म्हटल्यावर दारच लावत होते. इथून काढलं तर कुठं जायचं?" मग मी शंभर येनच्या दुकानातून फोमच्या चटया आणल्या, घरभर अंथरल्या, ओवीला मोज्यांवर मोजे घातले, सकाळभर तिला कडेवर ठेवायला लागले. स्वयंपाक कडेवर, कपडे वाळत घालणं कडेवर. तरी दुसरा कागद आला. त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. ओवी तीन वर्षांची, ती चवड्यांवर चालायला शिकली, आणि बाहुली जमिनीवर पडली की स्वतःच ओठावर बोट ठेवून म्हणायची, "शिझुका नी." म्हणजे हळू, गप्प. हे तिला बाहेर कुणी नाही शिकवलं, मी शिकवलं.

काकांना कळलं आणि त्यांनी काठीच उचलली. "चाल, मौका बघू." मी म्हटलं काका नको, इथं असं कुणाच्या दारात जात नाहीत, इथं सगळं ऑफिसमधून चालतं, तक्रार करणाऱ्याचं तोंड कधी दिसत नाही. "मंग निकाल कसा लागन?" असं म्हणून ते जिना उतरायला लागले, मी ओवीला घेऊन मागं. त्यांनी बेल वाजवली. आजींनी साखळी लावूनच दार किलकिलं केलं. काका वाकले आणि त्यांना येत होते ते दोनच शब्द म्हणाले, "सुमिमासेन. मिझु." माफ करा. पाणी. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आजींना वाटलं असणार म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली, त्यांनी घाईघाईनं साखळी काढली, आत बसवलं आणि सातूचा गार चहा आणून दिला. काका प्यायले आणि गप्प बसले. आजी माझ्याकडं बघायला लागल्या. मी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, आवाज, मूल, सॉरी, सॉरी. आजींचं तोंड एकदम उतरलं. तक्रार त्यांचीच होती आणि आम्ही समोर येऊन बसलो होतो, त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी हळूच टेबलावर मुठीनं करून दाखवलं. ठक, ठक, ठक, ठक. काका जिना चढताना म्हणाले, "लेकरू असं ठेक्यात पळते का? उद्या तू वरतं राह्य, पोरीला पळू दे. मी खाली ऐकतो."

दुसऱ्या दिवशी मी चटया गोळा केल्या, मोजे काढले आणि ओवीला म्हटलं, पळ. ती उभीच राहिली. मी म्हटलं, अगं पळ ना बाळा, आज आई काही म्हणत नाही, पळ. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओठावर बोट ठेवलं. मला काय झालं मला कळलं नाही, मीच पळायला लागले, किचनपासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून किचनपर्यंत, पदर खोचून, धाप लागेपर्यंत, आणि ओवी कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडं वेड्यासारखी बघत होती. काका वर आले ते म्हणाले, "मांजर चालल्यावाणी आवाज होता. आणि त्या बाईचा तो ठकठक तर आलाच नाही." काका मग रोज सकाळी खाली जाऊन बसायला लागले. आवाज काही येईना. आजीही चकित. त्या आता चहाबरोबर तांदळाची कुरकुरीत बिस्किटं काढून ठेवायच्या, आणि दोघं एक शब्द न बोलता छताकडं बघत बसायचे.

मग रविवार आला. त्या दिवशी मीही ओवीला मांडीवर घेऊन आजींकडं बसले होते. आणि वरून सुरू झालं. ठक, ठक, ठक, ठक. आजींनी बोट वर केलं, डोळे मोठे केले. मी काकांकडं बघितलं, काका माझ्याकडं. "काय झालं?" ते म्हणाले. "कुठं आहे आवाज? मले तर काहीच ऐकू नाही आलं." आणि खरं सांगते, मलाही तोवर तो आवाज असा वाटलाच नव्हता. आजी पुन्हा बोट दाखवायला लागल्या, आणि ओवी मांडीवरून एकदम मोठ्यांदा म्हणाली, "चटणी!"

काकांची जवसाची चटणी. मिक्सरमधली चटणी म्हणजे भुकटी असते, म्हणून त्यांनी चंद्रपुराकडून विमानात लोखंडी खलबत्ता आणला होता, कपडे कमी करून. रोज सकाळी वैशालीच्या आणि आमच्या मधल्या भिंतीशी जमिनीवर मांडी घालून ते कुटायचे. मी रोज ऐकत होते. पण आमच्याकडं सकाळ अशीच होते, कुणीतरी कुठंतरी कुटत असतंच, त्याला आवाज कोण म्हणतं? एवढे दिवस काका तपासाला खाली बसायचे म्हणून कुटणं बंद होतं, आणि आज घरी पाहुणे येणार म्हणून वैशालीनं कुटायला घेतलं.

काकांनी टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय कधीच बघितलं नव्हतं, एकदम लहान दिसायला लागले. "साहेबाच्या घोड्यानंच लोकांचं शेत खाल्लं तर काय करायचं," ते म्हणाले, "हे आजोबांनी कधी सांगितलंच नाही." मग म्हणाले, "सांगतीन कसं? कुणी तक्रारच केली नसन." मग त्यांनी आजींना दोन्ही हात जोडले, बोटानं वर दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. आजी घाबरून दाइजोबू, दाइजोबू म्हणत राहिल्या, असू दे, असू दे. सोमवारी वैशालीला रजा टाकायला लावून, तिला घेऊन ते बिल्डिंगच्या ऑफिसात गेले आणि सांगून आले, त्या पोरीचं लेकरू नाही, मी. वैशाली म्हणाली, "ते तिथले बिचारे, त्यांना कुणी असं कबूल केलेलं पहिल्यांदाच बघितलं असणार, तेच वाकून वाकून थकले."

त्यानंतर तिसरा कागद आला नाही. पण राज्य संपलं. दौरा बंद झाला, शनिवारी बाकावर बसले तरी कुणाचं भांडण ऐकायचे नाहीत. कुटणंही बंद, जेवण पानात तसंच राहायचं. वैशाली म्हणायची, "बाबा, टॉवेलवर ठेवून कुटा, मी ऑफिसला विचारलंय," तर नको म्हणून मान हलवायचे. जायच्या आदल्या दिवशी मात्र ओवीला आणि मला नदीच्या बांधावर घेऊन गेले. निजामाकडं बघितलंसुद्धा नाही. काठी माझ्या हातात दिली आणि तो सत्तरीच्या पुढचा माणूस दाणदाण पाय आपटत बांधावरून पळायला लागला, कोट उडतोय, टोपी हातात. ओवी चवड्यांवर उभी राहून बघत होती. मग एक टाच टेकली, मग दुसरी, आणि काकांच्या मागं सुटली. माझ्या तोंडात "हळू" आलं होतं. ती पडली असती, बांधाला उतार आहे, खाली पाणी आहे. मी काठी घट्ट धरून उभी राहिले.

आता पलीकडच्या भिंतीतून काही येत नाही. मला सकाळी जाग येते आणि कळत नाही कशानं आली. दुपारी मी चटया गुंडाळून ठेवते आणि ओवीला म्हणते, थोडंसंच हं. ती किचनपासून गॅलरीपर्यंत पळते, टाचा आपटत, आणि मी दाराकडं तोंड करून बसते, बेल वाजेल म्हणून. अजून वाजलेली नाही.