हिरव्या काठाची झूल

“आधी नवरदेवाला खाली घ्या. घोडीला गजकर्ण झालंय,” सुपे गावातल्या भर वरातीत नवऱ्याचा मामा ओरडत होता. बॅन्ड थांबला. बायकांनी नाकाला पदर लावले, जणू गजकर्ण वासानं लागतं. कुणीतरी म्हणालं, “घोडी हाय का तालुक्याचा नकाशा?” सगळ्यांत मोठ्यानं हसलो तो मी.

लगाम धरून उभे होते ते आमचे घोडेवाले चाचा. आवाज असा, की सुप्यात घोडीला हाक मारली तर मोरगावात एसटीचा ड्रायव्हर ब्रेक दाबायचा. सहा घोड्या. तीन आठवड्यांपूर्वी पाच गजकर्णानं खाल्लेल्या, सहावी पांढरीशुभ्र. घर चालायचं ते त्या पांढरीच्या वरातींवर.

मी तेव्हा लोणी देवकरला कापडाच्या कारखान्यात होतो. बुरशीचं औषध मुरवलेलं कापड गजकर्ण रोखतं का, ते घोड्यांवर बघायचं होतं. हिरव्या काठाच्या तीन झुली औषधाच्या, पांढऱ्या काठाच्या तीन साध्या. पांढरीला हिरवी दिली. आजारी घोड्यांत बांधूनही ती निरोगी राहते का, हे पाहायचं. जिची झूल तिलाच घाला, एवढंच चाचांना सांगितलं. औषध कुठल्या झुलीत, हे सांगायचं नाही असा नियमच होता.

चाचांचं पालुपद एकच : “जनावर बोलत न्हाय, पण मोजतंय.” गूळ दिला तर सहाही जणींना, आणि खडे इतके सारखे की सोनारानं तराजू विकावा. दुसऱ्याच संध्याकाळी बघतो तर हिची झूल तिला, तिची हिला.

“हे काय, चाचा?”

“हिरवा काठ तिघींनाच? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?”

रोगट पाठीवरची झूल पांढरीच्या पाठीवर चढत होती. तिथंच थांबवायला हवं होतं. मी पोट धरून हसलो आणि कॅन्टीनमध्ये तो किस्सा असा रंगवला, की लोकांच्या ताटातली आमटी गार झाली. मग रोज संध्याकाळी नवा किस्सा आणायला जायचो. मला पाहिलं की चाचा आणखी हौसेनं झुली फिरवायचे.

तिसऱ्या आठवड्यात ती वरात. पांढरीचे चट्टे चाचांनी जरीच्या कापडाखाली झाकले होते. नाचणाऱ्यांच्या धक्क्यानं कापड सरकलं.

पुन्हा वरातीला चाचांना कुणी बोलावलं नाही. पांढरी इंदापूरकडं वीटभट्टीवर गेली. चाचणी फुकट गेली, असा शेरा मारून आम्ही फाईल बांधली.

पुढं एकदा चाचा मोरगावच्या स्टँडवर भेटले. खांद्यावर नुसता लगाम. मी म्हणालो, “झुली बदलायच्या नव्हत्या, चाचा. मला एकदा विचारायचं तरी.”

“तुमी रोज बघून हसत व्हता, साहेब. मला वाटलं, बरोबर चाललंय.”